दोनशे चौदा दिवस

स्पीडपोस्टचे पाकीट आले तेव्हा उन्मेष फाटकाच्या बिजागरीला तेल देत होता. पोस्टमनने पुढे केलेल्या मोबाइलच्या काचेवर बोटाने सही करायची होती. तेलकट बोटाची रेघ काचेवर उठेना, तेव्हा त्याने बोट पायजम्याला पुसले आणि पुन्हा सही केली. ती त्याची सही वाटत नव्हती. पाकीट त्याने तिथेच, फाटकाशी उभ्या उभ्या फोडले. आत एकच कागद होता. साडेतीन महिने ज्या उत्तराची वाट पाहिली ते इतके पातळ असेल अशी त्याची कल्पना नव्हती. सैनिकी अभिलेख कार्यालयाने केशव वामन मुठाळ या मृत व्यक्तीविषयीची माहिती पाच ओळींत कळवली होती. क्रमांक, नाव, वडिलांचे नाव. भरतीची तारीख तीन फेब्रुवारी एकोणीसशे चौसष्ट. सेवामुक्तीची तारीख तीन सप्टेंबर एकोणीसशे चौसष्ट. साल लिहिताना कारकुनाची चूक झाली असावी असे उन्मेषला क्षणभर वाटले. काका घरी परतला त्या सदुसष्टच्या जागी चौसष्ट पडले असेल, वरच्या ओळीतला आकडा हाताबरोबर खालच्या ओळीत उतरतो, असे त्याच्या स्वतःच्या टेबलावरही झाले होते. पण शेवटच्या ओळीत सेवामुक्तीचे कारण होते आणि ते वाचल्यावर साल बरोबर आहे हे कळले. इंग्रजीत ते सहा शब्दांचे होते. सवयीने त्याने मनातल्या मनात त्याचे मराठी केले: कार्यक्षम सैनिक होण्याचा संभव नाही.

आतून भैरवीने विचारले, कोणाचे पत्र आहे. तो म्हणाला, काकांचा नंबर मिळाला. हे खरे होते. त्याची बायको समाधानाने पुन्हा कामाला लागल्याचे भांड्यांच्या आवाजावरून कळले आणि कागदाची घडी त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवली. तेलाची कुपी बंद करताना आपल्याला धक्का बसला आहे का, हे तो तपासून पाहू लागला. छातीत काही हालले नव्हते. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात आस्थापना विभागात त्याची एकतीस वर्षे गेली होती, आणि माणसांच्या सेवापुस्तकांत नोंदी करणे हेच त्याचे काम होते. नेमणूक, वेतनवाढ, बदली, ताकीद, निवृत्ती. अशा सहा शब्दांच्या ओळी त्याने स्वतः लिहिल्या होत्या. अधिकारी मसुदा देई, उन्मेष तो स्वच्छ अक्षरात उतरवी, आणि ज्याच्याविषयी ती ओळ असे तो माणूस त्या वेळी बाहेर राखेच्या वाऱ्यात सायकलला कुलूप लावत असे. ओळ लिहिणाऱ्याच्या मनात राग नसतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. चौसष्टच्या त्या सप्टेंबरातही कोणाला राग आला नसेल. पन्नास-साठ पोरांच्या याद्या समोर असतील, जेवणाची वेळ होत आली असेल. संभव नाही. ज्या माणसाने आयुष्यभर त्याच्यासमोर पाठ ताठ ठेवली त्याच्याविषयीची ओळ एका अनोळखी कारकुनाने नीट, समास सोडून लिहिली होती, आणि तिच्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते.

केशवकाका हा उन्मेषच्या वडिलांचा धाकटा भाऊ. तो वारला त्याला सहा वर्षे झाली. मूलबाळ नव्हते. यमुकाकू महाल भागातल्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, आणि शहात्तर वर्षांच्या आयुष्यात तिने पुतण्याजवळ कधी काही मागितले असेल तर ते गेल्या आश्विनात. इमारतीजवळच्या छोट्या बगिच्यात मोहल्ल्यातल्या सैनिकांच्या नावांचा एक दगड बसणार होता. सव्वीस जानेवारीला तो उघडायचा होता. हे काम दुर्गेशकडे होते. दुर्गेश त्याच गल्लीत वाढलेला, सैन्यात बावीस वर्षे काढून सुभेदार म्हणून परतलेला. त्यातली तीन वर्षे तो भरती केंद्रावर नव्या पोरांना शिकवणारा उस्ताद होता. नाव हवे तर सेवेचा क्रमांक हवा, असा त्याने सगळ्यांना एकच नियम लावला होता. दुसऱ्या एका वस्तीत अशाच दगडावर कोणी तरी सासऱ्याचे नाव घुसवले, ते सासरे कधी नागपूरबाहेरही गेले नव्हते, आणि मग फार हसू झाले. यमुकाकूने उन्मेषला बोलावून घेतले आणि म्हणाली, "मी आहे तोवर मी नाव घेते. माझ्यामागे तू घेशील. तुझ्यामागे कोण घेईल रे? दगडावर असलं म्हणजे येणारे जाणारे वाचतील तरी." तिने हे सांगितले त्यात गहिवर नव्हता. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर कमी सांगावे तसा स्वर होता. पण उन्मेषने काही बोलण्याआधीच तिने कपाटातून लाल फडक्यात गुंडाळलेले काकाचे डिस्चार्जचे पुस्तक काढून त्याच्या मांडीवर ठेवले होते.

ते सहा पानांचे, खाकी पुठ्ठ्याचे लहानसे पुस्तक उन्मेषला परके नव्हते. दर खंडेनवमीला ते त्याने पाहिले होते. मुठाळांच्या घरात शस्त्र नव्हते. पाटावर विळी, अडकित्ता, आजोबांचा टाक, काकूचे शिवणाचे मशीन एवढीच आयुधे मांडली जात, आणि मधोमध हे पुस्तक. पूजेत ते काकूने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आणून ठेवले होते, असे घरात सांगत. सुरुवातीला नुसत्या पुठ्ठ्याला हळदकुंकू लागे. उन्मेष सहा वर्षांचा झाला तेव्हा काकाने सांगितले की यंदापासून पूजा उन्मेष करील, आणि पुस्तक उघडून पाटावर ठेवले. पहिले पान छापील रकान्यांचे होते. काकाने त्याचे मनगट धरले. ती पकड अजून आठवत होती, अंगठा नाडीवर आणि दोन बोटे खाली, घट्ट, पण न दुखणारी. उन्मेषची अनामिका वाटीतल्या गंधात बुडवून त्याने ती पानाच्या वरच्या कोपऱ्यात टेकवली, मग तारखांच्या जागी, मग खालच्या एका ओळीवर. तीन ठिपके. गार, ओले, चंदनाच्या वासाचे. कागद गंध पिऊन घेताना दिसे. दरवर्षी त्याच तीन जागा. दहाव्या-अकराव्या वर्षी उन्मेषला जागा पाठ झाल्या होत्या, तरी काका मनगट धरीतच असे. पुस्तक कोणी वाचले नाही. जे पाटावर बसते ते वाचायचे नसते, इतकी साधी गोष्ट होती ती. त्यामुळे यंदा आश्विनात, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी, उन्मेषने प्रथमच ते पान वाचण्यासाठी उघडले तेव्हा क्रमांकाच्या जागी एक पिवळा तपकिरी डाग होता, तारखांच्या जागी दुसरा, आणि सेवामुक्तीच्या कारणाच्या ओळीवर कागद इतका विरला होता की खालच्या पानावरचा छापील मजकूर त्यातून दिसत होता. पुसले गेले होते ते त्याच्याच बोटाने.

अभिलेख कार्यालयाने पहिल्या अर्जाला उत्तर दिले की क्रमांकाशिवाय शोध घेता येत नाही. त्या नावाची माणसे पुष्कळ होती. आकडे कसे परत मिळवावे हे त्याला एका रविवारी दुपारी खिडकीपाशी सुचले. वरची माहिती टंकलेखनयंत्राने भरलेली होती, आणि यंत्राची अक्षरे कागदात रुततात हे ज्याने जुनी सेवापुस्तके हाताळली आहेत त्याला माहीत असते. त्याने पान उन्हात तिरपे धरले आणि मागच्या बाजूने बोट फिरवले. शाई गेली होती, पण खळगे राहिले होते. उलट्या बाजूने ते उंचवटे झाले होते, राईच्या दाण्याइतके. एकेक आकडा त्याने डोळे मिटून वाचला आणि आरशातल्यासारखा उलटा करून लिहिला. पाचवा आकडा तीन की आठ ते ठरेना, म्हणून त्याने दोन्ही क्रमांक कळवले. तारखांच्या जागीही त्याने बोट फिरवून पाहिले असते तर कदाचित काही लागले असते. त्याने फिरवले नाही. त्या वेळी त्याला वाटले की गरज नाही. कारणाची ओळ मात्र हाताने, शाईच्या पेनाने लिहिलेली असावी. तिथे काहीच लागले नाही.

दुपारी स्कूटर काढून तो महालाकडे निघाला तेव्हा खिशातल्या कागदाची कड छातीला टोचत होती. मेट्रोच्या खांबांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. ऊन, सावली, ऊन, सावली असा रस्ता जात होता, आणि त्या तालात त्याला गच्चीवरची कवायत आठवली. काका गिरणीत टाइमकीपर होता. पहाटे साडेचारला उठे, बुटांना पॉलिश करी, आणि कामावर जाण्यापूर्वी गल्लीतल्या सात-आठ पोरांना गच्चीवर उभे करी. सावधान, विश्राम, दाहिने मुड. त्याच्या आवाजात जरब नव्हती. तो प्रत्येकापाशी जाऊन खांदे स्वतःच्या हाताने सरळ करी आणि पुन्हा पुन्हा एकच सांगे, घाबरायचं नाही, घाई करायची नाही, पुढच्याकडे पाहायचं नाही. घाई करायची नाही हे सैनिकाला कशाला सांगायचे, असा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. लढाईच्या गोष्टी तो सांगत नसे. पोरांनी फारच धरले तर म्हणे, "त्यात सांगण्यासारखं काही नसतं." त्या वाक्याने त्याची उंची वाढे. चौसष्ट साली भरती झालो एवढे तो सांगे, आणि पासष्ट साली युद्ध झाले हे सगळ्यांना ठाऊक होते. मधली बेरीज ऐकणारा करून घेई. तो घरी आला तो सदुसष्टच्या मार्चमध्ये. त्याआधी त्याची कार्डे येत, प्रकृती ठीक, काळजी नसावी. म्हणजे चौसष्टच्या सप्टेंबरपासून अडीच वर्षे तो कुठे तरी होता आणि ती कुठल्याच कार्यालयात नोंदलेली नव्हती. साडेतीन महिने उन्मेष जे शोधत होता ते एका लोखंडी कपाटात सुखरूप होते. हरवले होते ते दुसरेच काही. अठरा वर्षांचा असताना उन्मेषने जेवताना सांगितले होते की मी सैन्याचा फॉर्म भरणार नाही, मला बी.कॉम. करायचे आहे. वडिलांनी काकाकडे पाहिले. काका क्षणभर थांबला, मग म्हणाला, "ठीक," आणि त्याने दहीभात मागून घेतला. पुन्हा एकदा मागून घेतला. एवढे जेवताना त्याला कोणी पाहिले नव्हते. त्या दुसऱ्या वाढीचा अर्थ उन्मेषने सदतीस वर्षे तिरस्कार असा लावला होता, आणि खापरखेड्याच्या टेबलावर बसताना तो कधी कधी त्याच्या पाठीत भरत असे. बैद्यनाथ चौकाच्या सिग्नलला थांबल्यावर त्याला दिसले की तो अर्थ त्याने स्वतः लावला होता. काका फक्त जेवला होता. पोटभर, निर्धास्त माणूस जेवतो तसा.

काकूला काय सांगायचे याचे त्याने वाटेत तीन मसुदे केले. प्रशिक्षण पूर्ण होऊ शकले नाही. प्रकृतीच्या कारणाने परत यावे लागले. किंवा काहीच नाही, फक्त क्रमांक. तिसरा सर्वांत सोपा होता. दुर्गेशला क्रमांकच हवा होता, कागद कोणी मागणार नव्हते. नाव दगडावर चढले असते, काकू जाईपर्यंत रोज गॅलरीतून तिला ते दिसले असते, आणि कोणी खोटे बोलले असे झाले नसते. जिना चढताना त्याने तिसरा मसुदा पक्का केला.

यमुकाकू जमिनीवर पाय पसरून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. समोर परात, बाजूला टरफलांचा ढीग.

"आलास? जेवून आलास ना?"

"हो."

"मग घे, सोल. रिकामा काहून बसून राहतो?"

तो समोर बसला. दोन-तीन शेंगा सोलल्या. दाणे परातीत पडताना टणटण वाजले.

"काकू, उत्तर आलं."

तिचे हात थांबले नाहीत. "तीन निघाला का आठ?"

"आठ."

"मी म्हटलंच होतं आठ. दुर्गेशला देऊन टाक. सकाळपासून दोनदा येऊन गेला. म्हणतो, काकू, सोमवारी कोरायला घेणार, मग ब्रह्मदेव आला तरी अक्षर बदलणार नाही." ती थोडे थांबून म्हणाली, "आणि काय लिहिलंय?"

"तारखा वगैरे."

"वगैरे म्हणजे?"

"इंग्रजीत आहे ते."

"मग तू मराठीत वाच. इतकी वर्षं सरकारात काय करून राहिला?"

तिने मान वर करून पाहिले. चष्म्याच्या काचेवर शेंगेचा हिरवा शिंतोडा होता. उन्मेषने खिशातून कागद काढला. तिसरा मसुदा अजून शक्य होता. पण एकतीस वर्षे नोंद जशी आहे तशी उतरवलेल्या माणसाला समोरची ओळ सोडून पुढे जाता येत नाही, हे त्याला त्या क्षणी जवळजवळ शारीरिक अडचणीसारखे जाणवले. त्याने सगळे वाचले. शेवटची ओळ वाचताना त्याचा आवाज कार्यालयातल्यासारखा झाला.

"पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितली.

"म्हणजे झालेच नाहीत सैनिक?"

"भरती झाले होते. शिकायला ठेवलं होतं. सात महिन्यांनी परत पाठवलं."

काकूने हातातली शेंग पुरी सोलली. एक दाणा किडका निघाला, तो वेगळा टाकला.

"एवढंच?" ती म्हणाली.

उन्मेषला वाटले तिला कळले नाही. पण ती पुढे बोलू लागली, आणि परातीकडे पाहतच बोलली. "मला वाटायचं पळून आले असतील. लग्नाला वर्ष नव्हतं झालं. खाली कोणी पोलीस दिसला की हे न्हाणीघरात जायचे. तारवाला ओरडला की तोंडावरचं रक्त उतरायचं. मी माहेरी ऐकलं होतं, पळून आलेल्याला दहा वर्षांनीही येऊन धरून नेतात म्हणे. ते पुस्तक ट्रंकेत वरच पडलेलं होतं. मला कुठे इंग्रजी येत होतं? कोणी उघडून वाचलं तर? म्हणून देवात ठेवलं. देवातलं कोण वाचतं?"

"काकांनी उघडलं की. माझं बोट धरून."

"ठाऊक आहे. गंध मीच उगाळत होते ना." तिने पुढची शेंग घेतली. "दरवर्षी जरासं पाणी जास्तच घालायची मी. त्यांनी एकदा वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत."

खाली गल्लीत कोणाची तरी दुचाकी सुरू होत नव्हती, किक मारल्याचे आवाज येत राहिले. उन्मेषला वाटले, इतकी वर्षे या दोन माणसांनी एकाच पानावर मिळून काम केले, आणि दोघांना भीती मात्र वेगवेगळ्या गोष्टींची होती. तिला ज्या गोष्टीची भीती होती ती त्याने केली नव्हती. त्याला ज्या गोष्टीची भीती होती तिचे तिला काहीच वाटले नसते. त्याने हे तिला सांगितले नाही. तिला ते त्याच्याआधी कळलेले असावे, कारण तिच्या कपाळावर एक त्रासिक आठी आली होती, सोपे गणित उशिरा सुटल्यावर येते तशी.

"आणि अडीच वर्षं मग कुठे होते?"

"ते ह्यात नाही. कुठेच नसेल."

"चाळीस पोळ्या लाटायचे रे एका बैठकीत. पातळ. एकीसारखी एक. तुझ्या मुंजीत आचारी आला नाही तर ह्यांनीच लाटल्या. मला म्हणायचे, फौजेच्या लंगरमध्ये शिकलो." ती जरा हसली. "कुठल्या तरी हॉटेलात होते म्हण. जबलपूरला नाही तर रायपूरला. पोळ्या लाटत होते आणि घरी कार्डं टाकत होते." हसू फार टिकले नाही. "सांगायचं होतं मला. मी काय म्हटलं असतं?"

उन्मेषने कागदाची घडी केली. तो म्हणाला, "दुर्गेशभाऊंना नुसता नंबर दिला तरी पुरतं. ह्यातलं काही द्यावं लागणार नाही. भरती झाले होते हे खरंच आहे. नाव लागेल."

"दगडावर नावं कशी लावली आहेत?"

"भरतीच्या सालाप्रमाणे. काकांचं पहिलं."

"आणि रजतचं?"

"शेवटी. तोच सगळ्यांत लहान."

रजत हा जिजाबाईचा मुलगा. जिजाबाई आणि तिचा नवरा धोंडबा कुहीकडून येऊन वीस वर्षांपूर्वी गल्लीत पिठाची गिरणी चालवू लागले. रजत दोन वर्षांपूर्वी सीमेवर गेला. तेवीस वर्षांचा होता. त्याचे शव आणण्यात आले तेव्हा यमुकाकू जिजाबाईजवळ सलग तीन दिवस बसून होती, असे उन्मेषने ऐकले होते.

काकूने परात बाजूला सारली. मग तिने गुडघ्यावर हात टेकला, पण उठली नाही.

"नको मग," ती म्हणाली.

"काकू, रिक्रूट म्हणून सात महिने—"

"ते मला समजलं. सात महिने त्यांनी केले, ते काही वाईट केलं नाही. पण जिजाबाई रोज त्या बगिच्यातून गिरणीवर जाते. ती आपल्या पोराचं नाव वाचायला उभी राहील, तर आधी ह्यांचं वाचावं लागेल. त्या पोराच्या डोक्यावर ह्यांचं नाव नको. आजवर मला माहीत नव्हतं, म्हणून मागत होते. आता कसं मागू?"

"दुर्गेशभाऊंना काय सांगू?"

"सापडलं नाही म्हण. हे मात्र कोणाला सांगू नको. मेलेल्या माणसाची परीक्षा आता चौकात नको." तिने पदराने चष्मा पुसला, शिंतोडा काचभर पसरला, आणि तसाच चष्मा तिने पुन्हा घातला. गॅलरीचे दार उघडे होते. तिथून बगिचा दिसत असे. तिने त्या बाजूला पाहिले नाही. "जा, तो वाट पाहून राहिला असेल."

बगिच्यात मिस्त्री विटांचा ओटा बांधत होता आणि दुर्गेश कंबरेवर हात ठेवून त्याच्या ओळंब्यावर लक्ष ठेवून होता. उन्मेषला पाहून त्याने काखेतली यादी काढली. नावे मोठ्या अक्षरांत टंकलेली होती. पहिल्या नावापुढची जागा मोकळी होती.

"या उन्मेषभाऊ. मले वाटलं तुमी छब्बीस तारखेलेच येता. आणला नंबर?"

"नाही. रेकॉर्ड सापडलं नाही म्हणतात." उन्मेषने हे वाक्य जिन्यात ठरवले होते. त्याच्या कानाला ते एखाद्या कार्यालयीन पत्रातल्यासारखे लागले.

दुर्गेश हसला. "फौजेत कागद नाही हरपत गा. माणूस हरपते, कागद नाही. बाबू लोकं आळशी झाले असतीन." त्याने खिशातून पेन काढले. "जाऊ द्या. नंबरच्या जागी लकीर मारतो. काकाजीसाठी मले कायचा नंबर लागते? अख्ख्या महालाले ठाऊक आहे काकाजी फौजी होते. कोणी विचारलंच तं म्हणा दुर्गेशनं गॅरंटी घेतली. पहिलं नाव काकाजीचं, बाकी मंग."

उन्मेष त्या पेनाकडे पाहत राहिला. एका क्षणात त्याला सगळे दिसले. क्रमांक दिला असता तर नाव लागले असते, आणि दिला नाही तरी लागत होते. काकूने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, नाव नको आणि कारण सांगू नको, आणि आता त्या दोन्ही एकदम पाळता येत नव्हत्या. गप्प राहिले तर सोमवारी पाथरवट काम सुरू करणार होता. त्याच्या तळहाताला घाम आला. सकाळपासून ज्याची तो वाट पाहत होता ते आता, भलत्याच ठिकाणी, तळहातात आले होते.

"नका टाकू," तो म्हणाला.

"काहून?"

"काकू नको म्हणते."

"काकू? परवा तं मले दोन कप चहा पाजला नावासाठी. दगड कोणत्या रंगाचा ते बी विचारून घेतलं."

"हो. आज नको म्हणते."

"काही बोललं का कोणी? नाव सांगा त्याचं, मी पाहतो."

"कोणी नाही बोललं."

दुर्गेशने पेन तसेच हातात धरले होते. त्याने उन्मेषच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग सदऱ्याच्या खिशाकडे, जिथून पाकिटाचा पांढरा कोपरा वर आला होता, आणि मग मिस्त्रीकडे, जणू विटांचे थर मोजत आहे. तीन वर्षे त्याने केंद्रावर पोरे उभी केली होती. काहींना त्याने स्वतः पत्र्याची पेटी हातात देऊन फाटकापर्यंत पोचवले असेल. मिस्त्रीने एक वीट ठोकून बसवली. दुर्गेश थोडा जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला,

"किती दिवस होते सेंटरवर?"

हा प्रश्न अपेक्षित नव्हता. काकूने सांगू नको म्हटले होते ते कारण. दिवसांचे तिने काही म्हटले नव्हते. उन्मेषला तारखांवरून हिशोब करावा लागला नाही. स्कूटरवर असताना, ऊन आणि सावली यांच्या मध्ये केव्हा तरी, तो होऊन गेला होता.

"दोनशे चौदा."

दुर्गेशने मान हलवली. यादी मांडीवर टेकवून त्याने पहिल्या नावावर एक आडवी रेघ ओढली. फार जोर दिला नाही. मग मिस्त्रीला हाक मारून सांगितले की दहाच नावे आहेत, जागा त्या हिशोबाने धर.

"परत जाणारी बहुतेक पोरं दीड महिन्यातच जातात, भाऊ," तो यादीची घडी करत म्हणाला. "काकाजी बरेच टिकले."